उपकोसल का जेवला नाही

छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात एक मुलगा जेवायला नकार देतो. त्याचं नाव उपकोसल. सत्यकाम जाबालांच्या घरी तो 12 वर्षं राहिला, त्यांचे अग्नी सांभाळले. बरोबरीच्या मुलांचं समावर्तन झालं, ती आपापल्या घरी गेली. याचं मात्र गुरूंनी केलं नाही. गुरुपत्नीने नवऱ्याला सांगून पाहिलं, की या मुलाने तप केलंय, अग्नींची सेवा मन लावून केलीय, आता त्याला विद्या सांगा, नाहीतर अग्नी तुम्हाला बोल लावतील. सत्यकाम काही न सांगता प्रवासाला निघून गेले. मग मुलाने अन्न सोडलं. गुरुपत्नी त्याच्याजवळ आली आणि म्हणाली, जेव ना रे, का जेवत नाहीस? तो म्हणाला, माणसाच्या ठायी नाना वाटांनी धावणाऱ्या इच्छा असतात, मी व्यथांनी भरून गेलोय, मला जेवायचं नाही.

ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली ती माझ्या वडिलांच्या कीर्तनात. अण्णा नारदीय कीर्तनकार होते. पूर्वरंग संपला, बुक्का लागला, गळ्यात हार पडला, की उत्तररंगात ते बहुधा रामायण-महाभारतातलं आख्यान लावत. पण गुरुपौर्णिमेला हमखास उपकोसल. गुरुपत्नीच्या प्रश्नापाशी आले की झांजा थांबवायला सांगत आणि मग तो प्रश्न न गाता, नुसता बोलून दाखवत. पुढे मी संस्कृत घेऊन एम.ए. झाले, मूळ ग्रंथ वाचला, भाष्य वाचलं. शंकराचार्यांनी त्या मुलाची व्याधी मानसिक दुःखाची म्हटली आहे. म्हणजे ज्याला आज आपण मुलाचं मानसिक आरोग्य म्हणतो, त्याची नोंद आपल्या सगळ्यात जुन्या उपनिषदांपैकी एकात आहे, आणि ती घेणारी पहिली व्यक्ती स्वयंपाकघरात वावरणारी एक बाई आहे. तिचं नाव ग्रंथात नाही.

मी पुण्यातल्या एका प्रयोगकला महाविद्यालयात मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका होते. गायन, कथक, भरतनाट्यम्, तबला, नाट्य असे विभाग. वसतिगृहाबरोबर पहिल्या वर्षाला नाट्यशास्त्राचा तासही माझ्याकडे असे, त्यामुळे मुलींना मी सकाळी वर्गात 'मॅडम' आणि संध्याकाळी खानावळीत 'काकू' होते. माहितीपुस्तिकेत शेवटच्या पानावर 'विद्यार्थी साहाय्य' असा एक मथळा असायचा. त्याखाली खोली, जेवण, शिष्यवृत्तीचे अर्ज, आठवड्यातून दोनदा येणारी समुपदेशक, पाय मुरगळला तर फिजिओथेरपी, रात्री तालमीहून परतणाऱ्या मुलींसाठी रखवालदार, एवढं सगळं बसत होतं. पुस्तिकेत त्याला शेवटचं पान मिळालं होतं आणि संस्थेच्या मनातही त्याची जागा साधारण तीच होती. आधी विद्या, मग जमलं तर हे.

मला जो प्रश्न इतकी वर्षं सुटला नाही असं वाटत होतं आणि आता सुटलाय असं वाटतं, तो हा: शिकणाऱ्याचं दुःख हा त्याच्या साधनेचा भाग समजायचा, की शिकवणाऱ्याच्या कर्तव्याचा? भूक, थंडी, एकटेपण, अपमान यांतून कलावंत घडतो असं मानायचं, की घडतो तो यांच्यातून वाचला म्हणून?

आमच्या क्षेत्रात पहिल्या उत्तराला फार मान आहे आणि तो उगाच नाही. आमच्याकडचे तबल्याचे गुरुजी, ज्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणत, "काकू, सोसल्याशिवाय हात बोलत नाही." सुख शोधणाऱ्याला विद्या कुठली, अशा अर्थाचं सुभाषित तर शाळेतच पाठ झालेलं असतं. आणि भीमसेन जोशींची गोष्ट आमच्या प्रत्येक स्वागतसमारंभात कुणी ना कुणी सांगतंच. 1933 साली, वयाच्या अकराव्या वर्षी गदगचं घर सोडून निघालेला मुलगा; बिनतिकिटाचा प्रवास, ग्वाल्हेर, जालंधर, आणि मग 1936 च्या सुमारास कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी पाणी भरणं. सभागृहातली मुलं डोळे मोठे करून ऐकतात. मीही ऐकत आले.

पण ती गोष्ट नीट ऐकली तर तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घर सोडणं त्या मुलाने स्वतः पत्करलं होतं. आणि पाणी भरलं ते ज्या घरात भरलं, त्या घरात त्याला ताट होतं, अंथरूण होतं आणि गुरू होता. सवाई गंधर्वांच्या दारात तो भुकेने मोठा झाला नाही, शिकून झाला. शिवाय त्याच वाटेने घरातून निघालेली आणखी किती मुलं कुठल्या फलाटावर, कुठल्या आजारात संपली, त्यांची आख्यानं लावायला कुणी उरलं नाही. जो पोहोचला त्याच्या तोंडून वाटेचं वर्णन ऐकून वाटच गुरू होती असं ठरवणं मला मान्य नाही.

तपाविषयी गीता फार काटेकोर आहे. सतराव्या अध्यायात तिने तपाचे तीन प्रकार केले आहेत, आणि हट्टाने स्वतःला पीडा देऊन केलेलं तप सरळ तामस ठरवलं आहे. सहाव्यात तर ती म्हणते, की अति खाणाऱ्याला योग साधत नाही तसा अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही. हे युद्धभूमीवर सांगितलेलं आहे, सुखवस्तू दिवाणखान्यात नव्हे. तप म्हणजे मी माझ्या हाताने, कशासाठी हे जाणून, स्वीकारलेला ताप. दुसऱ्याने माझ्यावर टाकलेला, टाळता येण्यासारखा असून न टाळलेला ताप तप नाही. त्याला हयगय म्हणतात. आणि तो सोसणाऱ्याला पुण्य लागतंय असं सांगून टाकणारा मोकळा होत असेल, तर त्याने धर्माचं नाव भलत्या कामाला लावलं.

हा फरक मला कथकच्या दालनात रोज दिसायचा. मुलगी घुंगरू कपाळाला लावते, मग पायाला बांधते. एकेका पायात शंभर, पुढे दीडशे. तत्कार सुरू होतो, लय दुप्पट होते, चौपट होते. तळवा तापतो, टाचेला भेगा पडतात, रात्री ती कोकमतेल चोळत जिन्यात बसते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहते. तिच्या त्या दुखण्यात मी कधी मध्ये पडले नाही. ते तिने मागून घेतलेलं आहे आणि त्यात तिला आनंद आहे, हे चेहऱ्यावर दिसतं. पण आमच्या नव्या दालनात काँक्रीटवर थेट फरशी बसवली होती. खाली लाकूड नाही, हवेची पोकळी नाही, पाय आपटला की धक्का सगळा नडगीत. पहिल्या सहामाहीतच मुली नडग्या धरून बसायला लागल्या. एका बैठकीत एका सन्माननीय सदस्यांनी सांगितलं, की आमच्या वेळी शेणाने सारवलेल्या जमिनीवर नाचत. सारवलेली जमीन काँक्रीटपेक्षा कितीतरी मऊ असते, हे मी त्यांना सांगितलं. नडगी दुखणं हे तप नव्हतं. लाकडी जमिनीचा खर्च वाचवल्याचा तो परिणाम होता आणि तो सोळा-सतरा वर्षांच्या हाडांनी भरला.

उपनिषदांना शरीराचं वावडं आहे असं जे म्हणतात त्यांनी ती वाचलेली नसतात. छांदोग्यातच, सहाव्या अध्यायात, उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, 15 दिवस उपाशी ठेवतो. पाणी पी म्हणतो, अन्न नको. सोळाव्या दिवशी त्याला ऋचा, यजू, सामं म्हणायला सांगतो. ज्याला सगळे वेद येत होते त्या मुलाला काही म्हणजे काही आठवत नाही. मग बाप म्हणतो, जा, जेव. जेवून येतो आणि विचारलेलं सगळं म्हणून दाखवतो. मन अन्नाचं आहे, हे बापाला सांगायचं होतं आणि त्याने ते सांगितलं नाही, दाखवलं. परीक्षेच्या आठवड्यात सकाळी चहाबिस्किटावर निघालेली गायनाची मुलगी चीज विसरली, की मला हटकून श्वेतकेतू आठवायचा.

तैत्तिरीय उपनिषदाची रचना तर मला विलक्षण वाटते. शिक्षावल्ली सुरूच होते आवाजाच्या शास्त्राने: वर्ण, स्वर, मात्रा, बल. गायनशाळेच्या पहिल्या तासाला शोभेल असा आरंभ. त्यानंतर थोड्याच अंतरावर आचार्यांची एक प्रार्थना आहे. आचार्य काय मागतात? आधी वस्त्रं, गाई आणि सदासर्वकाळ अन्नपाणी. हे मागून झाल्यावर मग म्हणतात, आता माझ्याकडे चहू बाजूंनी विद्यार्थी येऊ देत. हा क्रम मी नाट्यशास्त्राच्या तासाला फळ्यावर लिहीत असे. विद्यार्थी बोलवायच्या आधी त्यांना घालायला आणि वाढायला घरात आहे ना, याची खात्री करून घेणारा हा गुरू आहे. आणि त्याच उपनिषदाच्या शेवटी, सगळे कोश ओलांडून गेलेला मुक्त पुरुष काय करतो? साम गात बसतो, आणि त्या गाण्याचा विषय अन्न आहे. मी अन्न, मीच अन्न खाणारा, असं तो आश्चर्याने गातो. गाणं आणि जेवण यांच्यात पहिलं उच्च आणि दुसरं हलकं अशी उतरंड ज्या परंपरेने लावलेली नाही, तिचे वारस म्हणवणारे आम्ही खानावळीला शेवटचं पान देतो.

आता एका मुलीविषयी. ती सिंधुदुर्गातली, नाट्यविभागात शिकणारी. वडील दशावतारात पखवाज वाजवणारे. कार्तिकापासून पावसाच्या तोंडापर्यंत गावोगावच्या जत्रा, उरलेले महिने भातशेती. दशावतारी कलावंताविषयी कोकणात म्हणतातच, की रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. मुलगी हुशार, आवाज खणखणीत, बोलायला लागली की मालवणी हेल लपवायची नाही. दुसऱ्या वर्षी अभिनयाच्या वर्गात एक पाठ होता: स्वतःच्या आयुष्यातलं दुःख आठवायचं, त्यात शिरायचं आणि ते घेऊन प्रसंग उभा करायचा. स्तानिस्लावस्कींच्या पद्धतीतली ही गोष्ट आपल्याकडे जवळजवळ सगळीकडे शिकवतात. तिच्या भावाला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तिने ते आठवलं. प्रसंग फार चांगला झाला, वर्ग रडला, टाळ्या पडल्या, तास संपला, दिवे बंद झाले.

ती जेवत नाही हे वर्गात कुणाच्या लक्षात आलं नाही. येणार तरी कसं? लक्षात आलं ते पोळ्या लाटणाऱ्या आमच्या मावशींच्या. त्या मला म्हणाल्या, "ती कोकणातली पोर ताट घेते, भात कालवते आणि तसाच ठेवून उठते. पोळीला तर हातच लावत नाही." मावशी स्वतः कणकवलीकडच्या. त्यांनी दुसऱ्या दिवशी उकड्या तांदळाची पेज केली. कुठून तांदूळ पैदा केले देव जाणे. मुलगी ताट ठेवून निघाली तशी तिला आत हाक मारली, ओट्याजवळच्या पाटावर बसवलं, वाडग्यात पेज, वर मिठाचा खडा, बाजूला आंब्याच्या लोणच्याची फोड. काही विचारलं नाही. मुलीने वाडगा दोन्ही हातांत धरला, वाफ तोंडावर घेतली आणि मालवणीत म्हणाली, अशीच आई करते. मग पेज थोडी थोडी पीत बोलायला लागली. मी दाराशी उभी होते. मावशी मध्ये मध्ये वाडग्यात भर घालत होत्या आणि एवढंच म्हणत होत्या, "होय गो बाय."

त्या आठवड्यात ती समुपदेशकांकडे गेली, पुढेही जात राहिली. पेजेने तिचं दुःख गेलं असं मी म्हणणार नाही. पण समुपदेशकांच्या खोलीचं दार तिला सापडलं ते स्वयंपाकघरातून. फलकावर त्यांची वेळ लिहिलेली होतीच, ती वाचायला मान वर करण्याइतकं बळ तेव्हा तिच्यात नव्हतं.

मी अभिनयाच्या शिक्षकांशी बोलले. ते मनाने चांगले, तळमळीने शिकवणारे. त्यांचं म्हणणं होतं, की वेदना नसेल तर नट खोटा होतो. इथे मला माझा नाट्यशास्त्राचा तास कामी आला. भरतमुनी पहिल्याच अध्यायात सांगतात, की दुःखाने, श्रमाने, शोकाने गांजलेल्यांना, तपस्व्यांनासुद्धा, नाट्य विश्रांती देईल. आणि अभिनवगुप्तांनी, हजारएक वर्षांपूर्वी काश्मिरात बसून, याहून खोलात जाऊन विचार केला. क्रौंचवधाचा प्रसंग सगळ्यांना ठाऊक असतो: पक्षी मारला गेला, वाल्मीकींचा शोक श्लोक झाला. अभिनवगुप्त ध्वन्यालोकावरच्या टीकेत बजावतात, की तो शोक मुनींचा स्वतःचा होता असं समजू नका. स्वतःच्या दुःखाने जळणाऱ्याची ही अवस्थाच नसते. तो काव्य करू शकत नाही. करुणरस हा 'माझं' हे लेबल गळून पडलेल्या शोकाचा असतो. जो शोक अजून माझा आहे, ताजा आहे, ओला आहे, तो लौकिक दुःख आहे. त्याला औषध लागतं, सोबत लागते, काळ लागतो. त्याला प्रकाशझोत लावून कला होत नाही.

म्हणजे आपल्या सौंदर्यशास्त्राचा सगळ्यात मोठा आचार्य सांगतो, की दुःखात जळत असताना कला होत नाही, आणि आपण मुलांना सांगतो, की दुःखात जळल्याशिवाय ती होत नाही. शिक्षकांनी हे ऐकून घेतलं, वाद घातला, अभिनवगुप्त नटाबद्दल नव्हे तर कवीबद्दल बोलतात असा नेमका मुद्दाही काढला. तो मुद्दा बरोबर आहे. तरी नटाला लागू करताना अभिनवगुप्तांचा विचार दुबळा होत नाही. नटाला तर तोच शोक रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वाक्यावर आणायचा असतो, आणि ज्याच्यावर त्याचा ताबा नाही तो शोक तसा येत नाही. पुढच्या वर्षीपासून त्यांनी दोन बदल केले. ताजं दुःख घ्यायचं नाही, हा पहिला. आणि पाठ झाल्यावर लगेच दिवे न घालवता सगळ्यांनी गोल बसून तोंड धुऊन, चहा पिऊन, आपापलं नाव घेऊन मगच दालन सोडायचं. त्या मुलीने सांगितलं, की दशावतारातही पहाटे रंग पुसल्याशिवाय, देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय मंडळी हलत नाहीत. तिच्या वडिलांच्या रंगमंचाला जे ठाऊक होतं ते आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

या सगळ्याला पैसे लागतात, हा आक्षेप मी हलका मानत नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. राजाश्रय सोडून लोकाश्रयावर चालणारी संगीतशाळा ही तेव्हा धाडसाची गोष्ट. तिथे त्यांनी उपदेशक वर्ग सुरू केला: गरीब घरची होतकरू मुलं घ्यायची, नऊ वर्षांचा करार करायचा, राहणं-जेवण संस्थेकडे, विद्या संस्थेकडे. 1908 मध्ये विद्यालय मुंबईला आलं, मोठी वास्तू उभी राहिली, मुलं वाढली, कर्जही वाढलं. मैफली आणि देणग्या यांवर एवढा संसार चालेना. 1924 च्या सुमारास ती वास्तू लिलावात गेली. हिशेबाच्या दृष्टीने हा प्रयोग फसला. पण ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही त्या विद्यालयाच्या शिस्तीत वाढलेली माणसं. पटवर्धनांनी 1932 साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं. ओंकारनाथजी काशीला हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे प्रमुख झाले. इमारत गेली तरी त्या ताटांवर वाढलेली माणसं ठिकठिकाणी शाळा काढत गेली. यात मला एक खंतही आहे. पलुस्करबुवांच्या जिवावर त्या कर्जाचं जे ओझं पडलं ते समाजाने उचलायला हवं होतं. एका माणसाने विद्या आणि अन्न दोन्ही एकट्याच्या गळ्यावर पेलावं, ही अपेक्षाच अन्यायाची होती.

सातारला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहाचंही तेच. 1924 नंतरच्या त्या दिवसांत सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसत होती, आणि धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रही विकलं. कुणी त्याला त्याग म्हणतं, आणि तो आहेच. मला त्यात उपकोसलाला जेव म्हणणारी ती निनावी गुरुपत्नी दिसते. आज पुणे विद्यापीठात 'कमवा आणि शिका' योजना कर्मवीरांच्या नावाने चालते, आमच्या कितीतरी मुलींनी तिच्या आधाराने ग्रंथालयात पुस्तकं लावत शिक्षण पूर्ण केलं. पण शिष्यवृत्तीचे पैसे वर्ष संपता संपता खात्यात येतात. खानावळीचं बिल महिन्याला येतं. मधल्या महिन्यांत ज्या मुलीचं शिक्षण सुटतं ती गुणांच्या कुठल्याच तक्त्यात नापास म्हणून दिसत नाही.

आता कायदाही या बाजूला आलाय. 2022 च्या ऑक्टोबरात सरकारने टेली-मानस ही मोफत सेवा सुरू केली, 14416 हा तिचा क्रमांक. तो मी प्रत्येक मजल्यावर, आरशाशेजारी लावून घेतला होता, कारण नाचणारी मुलगी सूचनाफलक वाचत नाही पण आरशात बघते. 2025 च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं. मला याचा मनापासून आनंद झाला. भीती एकच वाटते, की नेमणूक होईल, पाटी लागेल, तपासणीच्या दिवशी नोंदवही पुढे होईल, आणि गुरू म्हणेल, रडणं हा आता त्या खोलीचा विषय, माझा नाही. सत्यकामांनीही तेच केलं होतं. घरात विचारपूस करणारं माणूस होतं आणि ते प्रवासाला निघून गेले.

सत्यकामांचा मी पुष्कळ विचार केलाय. त्यांनी असं का केलं हे ग्रंथ सांगत नाही. पण त्यांचं स्वतःचं विद्यार्थिपण त्याच अध्यायात आधी येऊन गेलं आहे. गुरूने त्यांना चारशे रोडक्या गाई दिल्या आणि रानात पाठवलं. त्या हजार होईपर्यंत ते वर्षानुवर्षं एकटेच राहिले, आणि ज्ञान त्यांना बैलाने, अग्नीने, हंसाने, पाणकोंबड्याने दिलं. ज्याला रानाने शिकवलं त्याला वाटणारच, की मुलाला एकटं सोडलं की विद्या आपोआप येते. माझ्यावर जे गुजरलं तेच शिकवण्याची रीत, असं त्याला प्रामाणिकपणे वाटतं. आमचे तबल्याचे गुरुजी असेच होते. लहानपणी वार लावून जेवलेले, थंडीत पहाटे हात चालवलेले. त्यांच्या शिष्यांपैकी एकाने निरोप न देता शिकणं सोडलं, तेव्हा ते माझ्याकडे येऊन बराच वेळ बसले. मग म्हणाले, "मला कुणी विचारलं असतं तर मीही कदाचित अजून चांगलं वाजवलं असतं." त्या दिवसापासून ते रियाझानंतर पोरांबरोबर खानावळीत बसून जेवायला लागले. शिकवणं तेवढंच कडक राहिलं. चुकलेला बोल ते शंभर वेळा म्हणायला लावत. मुलं टिकली.

आणि अग्नींनी त्या मुलाला काय शिकवलं, हे अण्णांच्या आख्यानात शेवटी यायचं. तिन्ही अग्नी आपसात बोलले, की या पोराने आपली चांगली सेवा केली, चला, आपणच त्याला सांगू. पहिलं वाक्य असं, की प्राण हे ब्रह्म, सुख हे ब्रह्म, आकाश हे ब्रह्म. व्यथांनी भरून गेलोय म्हणणाऱ्या मुलाला त्यांनी आणखी सोस असं सांगितलं नाही. श्वास, सुख आणि मोकळी जागा यांत परमार्थ आहे, असं सांगितलं. मुलाला समुपदेशनात आज पहिल्या भेटीत जे देतात ते याहून फार वेगळं नसतं: श्वास सावकाश घे, तुला बरं वाटण्याचा हक्क आहे, आणि इथे तुला जागा आहे. गुरू परतले तेव्हा मुलाचा चेहरा त्यांना ब्रह्मवेत्त्यासारखा दिसला आणि मग उरलेली विद्या त्यांनीच सांगितली. अण्णा म्हणत, गुरूही त्या दिवशी काहीतरी शिकले असणार.

अधीक्षिका असताना माझा व्यवस्थापनाशी सगळ्यात लांबलेला वाद 'उशिराच्या ताटा'चा होता. तालीम रात्री साडेदहाला सुटायची आणि खानावळ नऊला बंद व्हायची. मधलं अंतर मुली वडापाववर काढत. झाकून ठेवलेली ताटं, एक मावशी थांबणार तिचा भत्ता, गॅस, एवढाच खर्च. तो शेवटी मंजूर झाला, पण अंदाजपत्रकात त्याची नोंद 'किरकोळ खर्च' या सदराखाली पडली, आणि किरकोळ खर्चाला दर वर्षी कात्री लागते. मी निवृत्त झाले तरी फेब्रुवारीत, अंदाजपत्रक व्हायच्या आधी, व्यवस्थापनाला पत्र लिहिते, की हे ताट 'शैक्षणिक खर्चा'त घाला, तबल्याची पुडी आणि नाटकाची संहिता ज्या रकान्यात आहेत त्यात. यंदाच्या पत्रानंतर नव्या प्राचार्यांनी फोन केला आणि तैत्तिरीयातली ती प्रार्थना कुठल्या अनुवाकात आहे हे विचारून घेतलं. शिक्षावल्लीचा चौथा, असं मी सांगितलं. बैठक पुढच्या महिन्यात आहे.